लिनक्स कर्नलच्या युनिट टेस्ट: चालवायच्या कशा, लिहायच्या कशा, पाठवायच्या कशा

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, काम करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ड्रायव्हर नाहीतर शेड्यूलर वाचायला घेतात आणि पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देतात. माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने टेस्टपासून सुरुवात करावी, कारण टेस्ट लिहायला एखादं छोटं फंक्शन नीट समजून घ्यावं लागतं, पण अख्खा कर्नल समजलाच पाहिजे असं काही नसतं, आणि तुमच्या चुकीने कुणाची मशीन बंदही पडत नाही.

लिनक्समध्ये टेस्टच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत. एक केसेल्फटेस्ट, ती यूजरस्पेसमधून (जिथं साधे प्रोग्रॅम चालतात तिथून) चालते म्हणजे बाहेरून सिस्टीम कॉल वगैरे मारून बघते. दुसरी केयुनिट, ती कर्नलच्या आतच बसते आणि थेट आतल्या फंक्शनला हाक मारते. केयुनिट मेनलाईनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य सोर्समध्ये, ५.५ व्हर्जनपासून आहे, म्हणजे जानेवारी २०२० पासून. हा लेख केयुनिटबद्दल आहे.

एक आधीच सांगून ठेवतो, कमांड, फाईलची नावं, कॉन्फिगचे ऑप्शन हे सगळं मी इथं देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलमध्ये अर्थातच ते इंग्रजी अक्षरांत टाकायचं.

आधी सोर्स आणि थोडी हत्यारं

गिट, जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि पायथन ३ एवढं आपल्या डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरमधून टाकून घ्या. मग टोरवाल्ड्स यांच्या ट्रीचा (मेनलाईनच्या सोर्स रेपॉझिटरीचा) गिट क्लोन करा. नुसतं चालवून बघायचं असेल तर --डेप्थ=१ लावून क्लोन केलेला पुरतो, डाऊनलोड खूप कमी होतं. पण पुढे पॅच (कोडमधला आपला बदल) पाठवायचा विचार असेल तर पूर्ण इतिहास घ्या, भले दोन-चार जीबी जाऊ देत, कारण ही ओळ कुणी आणि का बदलली हे गिट ब्लेमने बघितल्याशिवाय कर्नलमध्ये पाऊल पुढे पडत नाही.

आता गंमत अशी आहे की टेस्ट चालवायला तुम्हाला नवीन कर्नल इन्स्टॉल करायचा नाहीये, रिबूट करायचं नाहीये, वेगळी मशीनही लागत नाही. केयुनिट डिफॉल्टने यूएमएल वापरतं, म्हणजे यूजर मोड लिनक्स. यात कर्नल हा एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा बिल्ड होतो आणि तुमच्या चालू सिस्टीमवर एक प्रोसेस म्हणून सुरू होऊन टेस्ट संपल्या की बंद होतो. रूट परवानगीची गरज नाही, उलट रूट म्हणून चालवूच नका.

सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून ही एकच कमांड द्या:

./टूल्स/टेस्टिंग/केयुनिट/केयुनिट.पाय रन

पहिल्यांदा बिल्डला वेळ लागतो, मशीनवर अवलंबून आहे, चहा पिऊन या. नंतर मात्र जेवढं बदललं तेवढंच कंपाईल होतं त्यामुळे काही सेकंदांत निकाल हातात येतो. स्क्रीनवर आधी कॉन्फिगरिंग, मग बिल्डिंग, मग स्टार्टिंग असं येतं आणि मग टेस्टची लांबलचक यादी पळायला लागते, प्रत्येकीपुढे पास्ड, स्किप्ड, फेल्ड नाहीतर क्रॅश्ड. शेवटी एकूण किती चालल्या त्याची बेरीज.

स्किप्ड बघून घाबरू नका. काही टेस्ट विशिष्ट हार्डवेअर किंवा कॉन्फिग (बिल्ड करताना निवडलेले ऑप्शन) नसेल तर स्वतःहून बाजूला होतात, आणि एक्झाम्पल नावाच्या सूटमध्ये (सूट म्हणजे टेस्टचा गट) तर दोन टेस्ट स्किप कसं करायचं हे दाखवायलाच ठेवल्यात, त्या कायम स्किपच होणार.

तुमचा लॅपटॉप आर्म प्रोसेसरचा असेल तर मात्र इथेच घोडं अडेल, कारण यूएमएल फक्त एक्स८६ वर चालतं. अशा वेळी क्यूएमू (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून घ्या आणि कमांडला --आर्च=आर्म६४ जोडा, बाकी सगळं तसंच. एक्स८६ वाल्यांनाही --आर्च=एक्स८६_६४ कधीतरी लागणारच आहे, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: मुद्दाम मोडा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळं हिरवं आलं म्हणून खूष होऊन पुढे जाऊ नका. लिब/केयुनिट फोल्डरमध्ये केयुनिट-एक्झाम्पल-टेस्ट.सी नावाची फाईल आहे, ती उघडा, त्यात एका टेस्टमध्ये १ + १ बरोबर २ असं तपासलंय. त्या २ चे ३ करा, सेव्ह करा आणि फक्त तेवढाच सूट चालवा:

./टूल्स/टेस्टिंग/केयुनिट/केयुनिट.पाय रन एक्झाम्पल

आता लाल येईल. ते लाल शांतपणे वाचा. कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीवर अपेक्षा फसली, काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, दशमान आणि हेक्स दोन्हीत, सगळं तिथं असतं. गिट चेकआऊट करून फाईल पूर्ववत करा.

हे मी एवढं घसा फोडून सांगतोय त्याला कारण आहे. मी पहिल्यांदा स्वतःची टेस्ट लिहिली तेव्हा मेकफाईलमध्ये, म्हणजे काय काय बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, ओळ टाकायचीच राहिली होती, त्यामुळे माझी फाईल बिल्डच होत नव्हती आणि मी मात्र रोज सगळं हिरवं बघून काम बरोबर चाललंय असं समजत होतो. दोन दिवसांनी कळलं की निकालाच्या यादीत माझ्या टेस्टचं नावच नाहीये. तेव्हापासून नियम एकच, नवीन टेस्ट लिहिली की तिला आधी एकदा नापास झालेलं बघायचं आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा. --लिस्ट_टेस्ट्स दिलं की टेस्ट न चालवता नुसती यादी मिळते, तिथंही आपलं नाव आहे का बघता येतं.

नावाने निवडताना स्टार चालतो, म्हणजे 'लिस्ट*' दिलं की लिस्टने सुरू होणारे सगळे सूट. सूटचं नाव, टिंब आणि टेस्टचं नाव दिलं की एकच टेस्ट. आणि एखाद्या सबसिस्टीमच्या फोल्डरमध्ये .केयुनिटकॉन्फिग फाईल असेल, जशी एफएस/ईएक्सटी४ मध्ये आहे, तर --केयुनिटकॉन्फिग=एफएस/ईएक्सटी४ दिलं की त्या भागाला लागणारं कॉन्फिग आपोआप उचललं जातं.

स्वतःची टेस्ट: बॅटरीचे टक्के

सरावासाठी एक फंक्शन घेऊ. बॅटरीत आत्ता किती ऊर्जा आहे आणि भरल्यावर किती असते हे दोन आकडे दिले की टक्के काढून देणारं. दोन्ही आकडे यू३२ (३२ बिटांचा, ऋण नसलेला पूर्णांक), कर्नलमध्ये बॅटरीची ऊर्जा मायक्रोवॉट-अवरमध्ये मोजतात. पहिल्या फटक्यात कुणीही असंच लिहील, आत्ताची ऊर्जा गुणिले १०० भागिले पूर्ण ऊर्जा. बघायला शंभर टक्के बरोबर.

ड्रायव्हर्स/मिस्क फोल्डरमध्ये हे फंक्शन एका फाईलमध्ये ठेवा, हेडर फाईल करा, आणि टेस्टसाठी वेगळी फाईल. सध्याची पद्धत अशी की टेस्टच्या फाईली टेस्ट्स नावाच्या उपफोल्डरमध्ये आणि नावाच्या शेवटी _केयुनिट असावं. जुन्या कोडमध्ये शेवटी _टेस्ट असलेल्या पुष्कळ दिसतील, त्यांचं नाव बदलायच्या फंदात पडू नका.

टेस्ट फाईलचा सांगाडा छोटा आहे. पहिल्या ओळीत एसपीडीएक्स लायसन्सची कॉमेंट, .सी फाईलमध्ये ती दोन तिरक्या रेषांनी सुरू होते. मग केयुनिट/टेस्ट.एच इन्क्लूड करा. मग प्रत्येक टेस्ट म्हणजे एक स्टॅटिक व्हॉईड फंक्शन, जे स्ट्रक्ट केयुनिटचा एक पॉईंटर घेतं, त्या पॉईंटरला सगळेजण 'टेस्ट' असंच नाव देतात. आत केयुनिट_एक्स्पेक्ट_ईक्यू ला तो पॉईंटर, आलेली किंमत आणि हवी ती किंमत द्यायची. मग या फंक्शनांची एक ॲरे, स्ट्रक्ट केयुनिट_केस ची, प्रत्येक नाव केयुनिट_केस मॅक्रोत गुंडाळून, आणि शेवटी रिकामे महिरपी कंस. हे रिकामे कंस विसरलात तर कर्नलला ॲरे कुठे संपली ते कळत नाही आणि तो पुढची मेमरी वाचत सुटतो, मग भलताच क्रॅश दिसतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. मग स्ट्रक्ट केयुनिट_सूट, त्यात नाव आणि ती ॲरे, आणि केयुनिट_टेस्ट_सूट मॅक्रोने नोंदणी. सगळ्यात खाली मॉड्यूल_डिस्क्रिप्शन आणि मॉड्यूल_लायसन्स, यातलं डिस्क्रिप्शन राहिलं तर मॉड्यूल म्हणून बिल्ड करताना वॉर्निंग येते.

केकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगचे ऑप्शन जिथं लिहिलेले असतात त्या फाईलमध्ये) नवीन ऑप्शन टाका, ट्रायस्टेट ठेवा (म्हणजे बंद, चालू किंवा मॉड्यूल), डिपेंड्स ऑन केयुनिट, आणि डिफॉल्ट केयुनिट_ऑल_टेस्ट्स. प्रॉम्प्टच्या पुढे इफ !केयुनिट_ऑल_टेस्ट्स लिहायची रीत आहे, म्हणजे ज्याला सगळ्या टेस्ट हव्यात त्याला प्रत्येकीचा वेगळा प्रश्न पडत नाही. मग मेकफाईलमध्ये ती ओळ. जी मी विसरलो होतो. टेस्ट्स उपफोल्डर केला असेल तर त्याचा स्वतःचा मेकफाईल लागतो आणि वरच्या मेकफाईलमधून त्याचा उल्लेखही.

आता तपासायचं काय? नवीन माणूस ५० पैकी २५ म्हणजे ५० टक्के असं लिहितो आणि थांबतो. ती एक असू दे, पण बग तिथं राहत नाहीत. खरे आकडे घाला. लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-अवरची धरा, म्हणजे ५,००,००,००० मायक्रोवॉट-अवर. पूर्ण भरलेली आहे, उत्तर १०० यायला हवं. चालवा.

उत्तर १४ येतं.

कारण ५ कोटी गुणिले १०० म्हणजे ५०० कोटी, आणि यू३२ मध्ये मावतात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५. वरचं सांडून जातं, उरतात ७०,५०,३२,७०४, त्याला ५ कोटींनी भागलं की १४. कंपायलर एक शब्दही बोलत नाही, छोट्या आकड्यांची टेस्ट हिरवी राहते, आणि भरलेली बॅटरी १४ टक्के दाखवते. युनिट टेस्ट कशाला लिहायच्या असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

दुसरी टेस्ट लिहा जिथं पूर्ण ऊर्जा ० आहे. आता फेल्ड नाही तर क्रॅश्ड येईल, कारण शून्याने भागाकार झाला आणि यूएमएलचा तो कर्नलच पडला. तुमची मशीन मात्र जशीच्या तशी चालू, यूएमएलचा खरा फायदा इथं कळतो. तिसरी, आत्ताची ऊर्जा पूर्णपेक्षा थोडी जास्त. बॅटरीचं मोजमाप कधीकधी असे आकडे देतं, तेव्हा १०० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं आपण ठरवू.

फंक्शन दुरुस्त करताना गुणाकार यू६४ मध्ये करा, पूर्ण ऊर्जा शून्य असेल तर वजा ईइनव्हॅल (चुकीच्या इनपुटचा एरर कोड) परत द्या, वर १०० चा मिन लावा. आणि इथं अजून एक खड्डा आहे जो मला फार शिकवून गेला. यू६४ ला सरळ भागाकाराच्या चिन्हाने भागलं तर तुमच्या ६४ बिट मशीनवर मस्त चालेल, पण ३२ बिट कर्नलमध्ये लिंक करतानाच एरर येते, कारण जीसीसीला ३२ बिटवर असा भागाकार करायला लागणारं मदतनीस फंक्शन कर्नलमध्ये नसतं. म्हणून डिव्ह_यू६४ वापरायचं, ते लिनक्स/मॅथ६४.एच मध्ये आहे. हे तपासायला --आर्च=आय३८६ देऊन एकदा चालवा. पॅच पाठवल्यावर बॉटने (पॅच आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) पकडण्यापेक्षा आपण आधी पकडलेलं बरं.

एक्स्पेक्ट आणि असर्ट यातला फरक एवढाच की एक्स्पेक्ट फसलं तरी टेस्ट पुढे चालू राहते, असर्ट फसलं की ती टेस्ट तिथंच थांबते. पुढच्या ओळी ज्यावर उभ्या आहेत त्याला असर्ट, बाकी सगळ्याला एक्स्पेक्ट. मेमरी मागितली तर ती मिळाली का हे असर्टने बघा, नाहीतर पुढच्याच ओळीत नल पॉईंटरवर आपटाल. आणि मेमरी मागताना केयुनिट_केझॅलॉक वापरा, टेस्ट संपली की ती आपोआप मोकळी होते, असर्टने मध्येच तोडली तरीही.

एकाच फंक्शनला दहा-बारा वेगवेगळे आकडे द्यायचे असतील तर कॉपी-पेस्ट करू नका, केयुनिट_केस_पॅरॅम बघा. आणि जे फंक्शन तपासायचंय ते स्टॅटिक (फक्त त्याच फाईलमध्ये दिसणारं) असेल तर टेस्टसाठी म्हणून सरसकट स्टॅटिक काढून टाकू नका, मेंटेनर (तो भाग सांभाळणारे) वैतागतात. त्यासाठी व्हिजिबल_इफ_केयुनिट आणि एक्स्पोर्ट_सिम्बॉल_इफ_केयुनिट हे मॅक्रो आहेत, टेस्ट चालू असेल तेव्हाच फंक्शन बाहेर दिसतं.

अडलं तर

सोर्स ट्री क्लीन नाही अशी तक्रार आली तर मेक आर्च=यूएम एमआरप्रॉपर द्या. ध्यानात ठेवा की याने त्या फोल्डरमधलं .कॉन्फिग पण जातं, आपलं दुसरं काही बिल्ड तिथंच करत असाल तर आधी कॉपी काढा.

मागितलेले सगळे केकॉन्फिग ऑप्शन मिळाले नाहीत असा मेसेज आला तर कुठली तरी डिपेंडन्सी अपुरी आहे. खाली मिसिंग म्हणून नावं येतात. त्या ऑप्शनचा केकॉन्फिग उघडून डिपेंड्स ऑन वाचा आणि तेवढं कॉन्फिगमध्ये जोडा. यूएमएलमध्ये हार्डवेअरशी संबंधित पुष्कळ गोष्टी नसतात, तिथं जास्त डोकं न लावता --आर्च=एक्स८६_६४ वर जा, क्यूएमूमध्ये त्या मिळतात.

निकाल नीट कळत नसेल तर --रॉ_आऊटपुट लावा, कर्नल जे बोलतोय ते न गाळता दिसतं. मेमरीच्या चुकांचा संशय असेल तर --केकॉन्फिग_ॲड ने कॉन्फिग_कासान=वाय देऊन चालवा, हळू चालतं पण हद्दीबाहेरचं वाचन-लेखन जागच्या जागी पकडतं.

केयुनिटच्या टेस्ट मॉड्यूल म्हणून खऱ्या मशीनच्या चालू कर्नलवरही चालवता येतात, पण त्या चालल्या की कर्नलवर एन या अक्षराचा टेंट लागतो, म्हणजे इथं टेस्ट चालल्यात अशी खूण. रोजच्या कामाच्या किंवा सर्व्हरच्या कर्नलवर हे करू नका.

पाठवायची कशी

वरची बॅटरी सरावाची होती, ती पाठवायची नाही. पाठवण्यासाठी विषय शोधायचा तर माझी पद्धत सांगतो: लिब फोल्डर किंवा तुम्हाला आवडणाऱ्या सबसिस्टीमचा गिट लॉग उघडा आणि फिक्सेस असा टॅग असलेले कमिट बघा. ऑफ-बाय-वन, ओव्हरफ्लो, रिकामी यादी, असले बग दुरुस्त झालेले असतात पण टेस्ट जोडलेली नसते. तो बग पुन्हा आला तर पकडेल अशी टेस्ट लिहा. दुरुस्ती तात्पुरती उलटवून टेस्ट लाल होते का बघा, परत आणून हिरवी होते का बघा. हे कमिट मेसेजमध्ये लिहिलंत तर मेंटेनरचं निम्मं काम हलकं होतं. नुसता आकडा वाढवायला लिहिलेल्या टेस्ट कुणाला नको असतात, कारण त्या सांभाळाव्या लागतात.

कमिट करताना गिट कमिट -एस, म्हणजे साईन्ड-ऑफ-बाय ओळ लागते. ती शोभेची नाही, हा कोड द्यायचा मला अधिकार आहे असं तुम्ही लिहून देता. विषयाच्या ओळीत आधी सबसिस्टीमचं नाव, ते कसं लिहितात हे त्याच फाईलच्या जुन्या कमिटमध्ये दिसेल. आत मजकूर साधारण ७५ अक्षरांवर मोडा आणि काय केलं यापेक्षा का केलं ते जास्त लिहा.

मग स्क्रिप्ट्स/चेकपॅच.पीएल चालवा. नवीन फाईल जोडली की ते मेंटेनर्स फाईल अपडेट करायची का असं विचारतं, ती वॉर्निंग आहे, तुमचं फोल्डर तिथं आधीच कुणाच्या नावावर असेल तर काही करायला लागत नाही. कोणाला पाठवायचं ते स्क्रिप्ट्स/गेट_मेंटेनर.पीएल सांगतं. कर्नलचे पॅच ईमेलने जातात, साध्या टेक्स्टमध्ये, एचटीएमएल नाही, अटॅचमेंट नाही. गिट सेंड-ईमेल वापरा आणि पहिला पॅच आधी स्वतःलाच पाठवा, आलेल्या मेलमधून तो गिट एएम ने (मेलमधला पॅच सोर्सवर चढवणारी कमांड) लागतो का बघा. बऱ्याच मेल प्रोग्रॅममध्ये टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही, हे समोरच्याने सांगण्याआधी आपल्याला कळलेलं चांगलं.

उत्तर लगेच येत नाही. निदान एक आठवडा तरी थांबा, मग नम्रपणे आठवण करा. नवीन व्हर्जन निघालं की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे पुढच्या व्हर्जनसाठीचे बदल मेनलाईनमध्ये घेतले जातात, तेव्हा मेंटेनर गळ्यापर्यंत बुडालेले असतात, त्या काळात नवीन पॅच न पाठवणंच शहाणपणाचं. सूचना आल्या तर ज्या वाक्याला उत्तर द्यायचंय त्याच्या खालीच लिहा, सगळं वर एकत्र नको. दुरुस्त करून व्ही२ म्हणून पाठवा, आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली, म्हणजे ते इतिहासात जात नाही पण वाचणाऱ्याला दिसतं. कडक शब्दांत उत्तर आलं तर बहुतेक वेळा ते कोडबद्दल असतं, रात्री उत्तर देऊ नका, सकाळी द्या.

पॅच घेतला गेला की आधी मेंटेनरच्या ट्रीमध्ये, मग लिनक्स-नेक्स्टमध्ये (सगळ्यांचे येऊ घातलेले बदल एकत्र तपासायची ट्री) आणि पुढच्या मर्ज विंडोत मेनलाईनला जातो. आरसी१ (मर्ज विंडोनंतरचं पहिलं चाचणी व्हर्जन) बाहेर पडला की तो ओढून तुमचा सूट परत एकदा चालवा, एकदा यूएमएलवर आणि एकदा आय३८६ वर, कारण मधल्या काळात शेजारचा कोड कुणीतरी बदललेला असतो. लाल आलं तर केयुनिट.पाय चा एक्झिट कोड शून्य नसतो, त्यामुळे तीच कमांड गिट बायसेक्ट रन ला देता येते आणि कुठल्या कमिटने मोडलं ते मशीनच शोधून देते. फक्त मध्येच एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर तोही बायसेक्टला नापासच वाटतो, म्हणून शेवटी जो कमिट हाती लागेल तो स्वतः एकदा वाचा आणि मगच त्याच्या लेखकाला लिहा.